खुब्याच्या लेब्रमचे माप : दोन एमआरआय आणि तीन महिने

२०२४ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे ७ सप्टेंबरला, सकाळी उकडीचे मोदक वळण्यासाठी मी स्वयंपाकघरात मांडी घालून बसले आणि एकवीस मोदक झाल्यावर मला उठताच येईना. उजव्या जांघेत, अगदी आत, पाचर ठोकून ठेवावी तशी कळ होती आणि सासूबाईंनी हात दिला तेव्हा कुठे मी उभी राहिले. त्याआधी वर्षभर स्कूटीवर पाय टाकताना किंवा खुर्चीतून वळून उठताना खुब्यात अधूनमधून 'कट्' असा आवाज येत असे, पण सदतिसाव्या वर्षी त्याला दुखणे म्हणावे असे मला वाटले नव्हते. त्या दिवसापासून खुब्याच्या लेब्रमचे, म्हणजे सांध्याच्या वाटीभोवतीच्या कूर्चेच्या कडेचे, नेमके माप हातात पडेपर्यंत तीन महिने गेले, दोन एमआरआय झाले आणि त्यांतला एक मला टाळता आला असता. मी डॉक्टर नाही, सांगलीतल्या एका पतसंस्थेत हिशेब पाहते. परंतु 'एमआर आर्थ्रोग्राम' (सांध्यात द्रव्य भरून काढलेला एमआरआय) असे लिहिलेली चिठ्ठी पहिल्यांदा हातात आली तेव्हा हे सगळे कसे होते ते सांगणारे मराठीत मला काही सापडले नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिले पाच आठवडे चुकीच्या दिशेने गेले. दुखणे कमरेतून पायात उतरत असावे असे समजून वेदनाशामक गोळ्या झाल्या, शेक झाला आणि सांधा आखडला आहे या समजुतीने मी रोज सकाळी बद्धकोनासन करून तो ताणूही लागले. या ताणण्याने दुखणे वाढत होते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

दसरा झाल्यावर १५ ऑक्टोबरला मिरजेत खुब्याचे काम पाहणाऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गावच झाले आहे. बाहेरच्या बाकावर माझ्या एका बाजूला अथणीचे कुटुंब होते, दुसऱ्या बाजूला जतचे, आणि स्वागतकक्षातली मुलगी एका श्वासात मराठीतून कन्नडमध्ये जात होती. अडीच तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवा." मला एका बोटाने दाखवता येईना. मी अंगठा मागे आणि बोटे पुढे असा खुब्याला हाताचा विळखा घातला. ते हसून म्हणाले, "झालं, कंबर नाही. दुखणं सांध्याच्या आत आहे, अशी माणसं नेमका असाच हात धरतात." मग उताणे झोपवून त्यांनी माझा गुडघा छातीकडे नेला, तो आतल्या बाजूला झुकवला आणि पाऊल बाहेर वळवले. मोदकाच्या दिवशीची कळ जशीच्या तशी आली.

त्याच दिवशी दोन एक्स-रे झाले. एक पूर्ण ओटीपोटाचा समोरून आणि दुसरा खुबा दुमडून, मांडी बाहेर झुकवून घेतलेला, ज्याला डन व्ह्यू म्हणतात. पहिल्या चित्रावर डॉक्टरांनी पेन्सिलीने मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याच्या मध्यापासून एक उभी रेघ काढली आणि तिथूनच, ते डोके ज्या हाडाच्या वाटीत बसते तिच्या बाहेरच्या काठापर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन, म्हणजे विबर्गचा कोन, माझ्या उजव्या बाजूला २२ अंश भरला. पंचविसाच्या वर असला तर वाटी पुरेशी खोल आहे असे समजतात, विसाच्या खाली गेला तर उथळ, आणि माझा मधल्या काठावरचा. हा दोष लहानपणापासूनचा आणि तोवर त्याने कधी तोंड उघडलेले नव्हते.

लेब्रम म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले आणि घरी येऊन सासूबाईंना समजावताना त्यासाठी कुकरची रिंग सापडली. वाटीच्या काठाला चहूबाजूंनी चिवट कूर्चेची एक कडा असते. ती वाटी थोडी खोल करते आणि मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला इतकी घट्ट बिलगते की आतले वंगण आतच राहते आणि सांधा चोखून धरल्यासारखा जागेवर बसतो. रिंग सुरीने आडवी कापावी तशी ही कडा कापली तर तिचा छेद त्रिकोणी दिसतो. पाया हाडाच्या काठाला चिकटलेला, टोक मोकळे. वाटी उथळ असेल तर हाडाने उचलायचा भार ही कडा उचलते आणि वर्षानुवर्षे तसे झाले की ती लांबट, जाड होते. म्हणूनच डॉक्टरांना ती फाटली आहे की नाही एवढेच नव्हे, तर ती किती मिलिमीटर आहे हेही हवे होते. मोठी झालेली कडा म्हणजे सांध्याला आधार कमी पडत असल्याची खूण, आणि तिला दुर्बिणीतून नुसती छाटून टाकली तर उरलासुरला आधारही जातो. उलट ती फारच लहान असेल तर टाका घालायला जागा राहत नाही. माप घ्यायचे ते या निर्णयासाठी.

आता माझी चूक. चिठ्ठीवर स्पष्ट 'एमआरआय, उजवा खुबा' असे लिहिले होते. २३ ऑक्टोबरला मी घराजवळच्या एका केंद्रात गेले. तिथे खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पेल्विस करा, दोन्ही खुबे येतील, पैसे तेवढेच." हिशेबाच्या माणसाला एकाच्या पैशात दोन मिळाल्याचा आनंद झाला आणि मी होकार दिला. सहा हजार रुपये आणि पंचवीस मिनिटे यांच्या बदल्यात अहवाल आला तो असा की, उजव्या लेब्रमच्या पुढच्या-वरच्या भागात सिग्नल वाढलेला आहे, तो फाटल्याचा असू शकतो, रुग्णाच्या तपासणीशी पडताळून पाहावे. मापाचा उल्लेख कुठेच नव्हता.

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून चित्रे स्क्रीनवर लावली आणि मला गणित करायला लावले. दोन्ही खुबे एका चौकटीत बसवायचे म्हणजे चौकट ३६ सेंटीमीटरची घ्यावी लागते. ती ३२० ठिपक्यांत विभागली की एक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या जरा खाली येतो, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटर. सात-आठ मिलिमीटरची वस्तू त्यात सहा-सात ठिपक्यांत मावते आणि तिची कड कुठे संपते ते ठरवताना एक ठिपका इकडचा तिकडे धरला तरी सातवा हिस्सा चुकतो. एकट्या खुब्यावर १६ सेंटीमीटरची चौकट धरली तर तोच ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. दोन्ही खुबे मिळाले होते, पण मापता येण्याजोगा एकही मिळाला नव्हता. सहा हजार रुपये मी स्वतःच्या हाताने कोणत्या खात्यात टाकले, याचा विचार पुढचे दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

दुसरी अडचण छेदाच्या दिशेची होती आणि ती मला काकडीवरून समजली. काकडी सरळ कापली तर चकती गोल येते, तिरकी कापली तर लांबट येते. काकडी तीच असते. लेब्रम वर्तुळाकार असल्यामुळे सरळसोट उभे-आडवे छेद घेतले की काही ठिकाणी ते त्याला काटकोनात कापतात आणि बाकी ठिकाणी तिरके, आणि तिरक्या छेदात ते आहे त्यापेक्षा मोठे दिसते. यावर उपाय म्हणजे सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, मध्यातून सर्व बाजूंना जाणारे छेद घेणे. यांना रेडियल छेद म्हणतात आणि ते सगळीकडे ठरलेले नसतात, मागावे लागतात.

म्हणून दुसरी चिठ्ठी डॉक्टरांनी पाच ओळींची लिहिली : उजव्या खुब्याचा एमआर आर्थ्रोग्राम, फक्त एकच बाजू, लहान चौकट, रेडियल छेदांसह, लेब्रमची लांबी, वाटीचा काठ घड्याळाची तबकडी मानून, १२, दीड आणि ३ या स्थानांवर मिलिमीटरमध्ये द्यावी, आणि वाटीच्या काठाचा कोन २२ अंश आहे. शेवटची ओळ मला अनावश्यक वाटली होती. वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला आपण काय शोधतो आहोत हे माहीत असले की तो ते शोधतो, असे डॉक्टरांनी सांगितले. अशी चिठ्ठी मिळाली तर तिचा फोटो काढून केंद्राला आधीच पाठवावा आणि खिडकीवर नव्हे, तंत्रज्ञांशी फोनवर बोलावे. मी तीन केंद्रांना विचारले. एकाने "आर्थ्रोग्राम आम्ही करत नाही" असे प्रामाणिकपणे सांगितले, दुसऱ्याने रेडियल म्हणजे काय असे मलाच विचारले आणि तिसऱ्याने शांतपणे सगळे ऐकून घेऊन १२,५०० रुपये सांगितले.

तिथे सांध्यात इंजेक्शन देणारे रेडिऑलॉजिस्ट बुधवारी आणि शुक्रवारीच येत. दिवाळीनंतरची पहिली मोकळी तारीख २० नोव्हेंबरची मिळाली, आणि चार दिवसांनी त्यांचाच फोन आला की त्या दिवशी विधानसभेचे मतदान असल्याने केंद्र बंद राहील. पुढचा शुक्रवार भरलेला होता, म्हणून २७ तारीख ठरली. इंजेक्शन क्ष-किरणांखाली देतात, त्यामुळे पाळी सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आतलीच तारीख घ्या असेही त्यांनी बजावले. सुदैवाने २७ त्यात बसत होती. बायकांनी हे तारीख घेतानाच विचारून घ्यावे, नाहीतर ऐन वेळी परत पाठवतात.

आधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी, करून आणायला सांगितले होते. त्याचे अडीचशे रुपये आणि एक सकाळ. सांध्यात जाणारे गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये सांधा उजळ दाखवणारे द्रव्य, अगदी थोडे, दोनशे पट पातळ केलेले असते, तरी कागद लागतो तो लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जुनी ॲलर्जी, अंगातला कोणताही धातू, हे सगळे अर्जात भरून द्यायचे असते. आदल्या रात्री माझी खरी लढाई मात्र जोडव्यांशी झाली. चौदा वर्षांत ती एकदाही निघाली नव्हती. चांदी चुंबकाला ओढली जात नाही हे खरे, पण धातू तापू शकतो आणि तंत्रज्ञ आत सोडत नाहीत. साबण, खोबरेल तेल आणि शेवटी दोरा गुंडाळून एक निघाले. दुसऱ्यासाठी सकाळी सात वाजता सोनाराचे घर गाठावे लागले. मंगळसूत्र आणि पाटल्या सासूबाईंच्या ताब्यात दिल्या. हिरव्या काचेच्या बांगड्यांना कोणाची हरकत नव्हती.

२७ नोव्हेंबरला साडेदहाला पोहोचले. पैसे भरून पावती घेतली आणि सवयीने आकडे तपासताना दिसले की तीवर 'डावा खुबा' लिहिले आहे. दुरुस्तीसाठी पावती रद्द करून नवीन करावी लागली आणि तोवर माझ्यामागचे दोघे आत गेले. पावती, संमतिपत्र आणि हातातल्या पट्टीवरचे लेबल, तिन्हींवर बाजू वाचावी. संमतिपत्र मराठीत होते, ते पूर्ण वाचले. सांध्यात जंतुसंसर्गाची शक्यता फार थोडी पण असते, आणि पुढचे दोन-तीन दिवस ताप आला किंवा दुखणे वाढत गेले तर लगेच कळवायचे, हे त्यात होते.

इंजेक्शनच्या आधी मला कॉरिडॉरमधल्या बाकावर मांडी घालून बसायला सांगितले आणि दुखण्याला दहापैकी किती गुण द्याल असे विचारले. मी सहा दिले. आत सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली झोपवून पाय किंचित आत वळवून वाळूच्या पिशव्यांनी स्थिर केला. आधी कातडी बधिर करणारी सुई, ती मुंगी चावल्यासारखी. नंतरची लांब सुई आत जाताना दुखले नाही, फक्त एक बोथट दाब जाणवला आणि मग ती हाडावर टेकल्याचे कळले. ती जाणीव विचित्र होती. थोडे आयोडिनयुक्त द्रव्य सोडून सुई सांध्यातच असल्याची त्यांनी पडद्यावर खात्री केली आणि मग सुमारे बारा मिलिलिटर मिश्रण हळूहळू भरले. सांधा आतून फुगतो आहे, जीन्स घट्ट व्हावी तसा, असे वाटले. मिश्रणात बधिर करणारे औषधही होते. दहा मिनिटांनी पुन्हा मांडी घालायला सांगितली तेव्हा मी एक गुण दिला. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच मी न दुखता मांडी घालून बसले होते आणि तिथेच थोडा वेळ बसून राहावेसे वाटले. दुखणे सांध्याच्या आतलेच आहे, हा पुरावा चित्राइतकाच महत्त्वाचा असतो, म्हणून हे दोन्ही गुण अहवालात लिहायला सांगावेत. पुढच्या चार तासांत केव्हा किती दुखले हे मीही वहीत लिहून ठेवले.

भरलेले द्रव्य हळूहळू शोषले जाते, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत चाकाच्या खुर्चीवरून एमआरआयकडे नेले. यंत्र ३ टेस्लाचे होते. खुब्यावर पट्ट्याने सिग्नल टिपणारी एक चपटी कॉइल बांधली, पायांचे दोन्ही अंगठे चिकटपट्टीने एकमेकांना जोडले आणि कानात बोळे दिले. चाळीस मिनिटे. आवाजाबद्दल बरेच जण बोलतात, पण मला अवघड गेले ते न हलणे. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यांसाठी आपण इतके पैसे मोजतो आणि एकदा खोकलो तर ते गेले, हे डोक्यात असल्याने मी खोकला गिळत होते. रेडियल छेदांच्या वेळी तंत्रज्ञाने मध्येच सांगितले, "ताई, एक सीरिज हलली, परत घेतोय." मला राग आला नाही, उलट बरे वाटले, कारण पहिल्या ठिकाणी कोणी परत घेतले नसते. त्या दिवशी स्कूटी चालवायची नसते. यजमान रिक्षाने न्यायला आले.

अहवाल ३० नोव्हेंबरला मिळाला. सोबत फिल्म आणि सीडी. फिल्मवर नेमके माप घेता येत नाही आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर तर मुळीच नाही, म्हणून सीडी मागून घ्यावी. आमच्या घरच्या लॅपटॉपला सीडी टाकायची जागाच नाही. पतसंस्थेतल्या जुन्या संगणकाला आहे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मी ती उघडली. पांढऱ्या शुभ्र द्रवात, वाटीच्या काठाला लागून, एक छोटा काळा त्रिकोण दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी केसासारखी पांढरी रेघ आत शिरली होती. तीच फाट. सीडीतल्याच प्रोग्रॅममध्ये पट्टी असते. मीही काठापासून टोकापर्यंत रेघ ओढून पाहिली आणि तीन वेळा तीन उत्तरे आली, तेव्हा शिपाईकाकांनी विचारले, "वहिनी, हे कुणाचं खातं?"

अहवालातली मापे अशी होती : बारा वाजता ९.८ मिलिमीटर, दीड वाजता ९.१, तीन वाजता ७.६. माझ्या अहवालात बारा म्हणजे वर आणि तीन म्हणजे पुढे असे धरले होते. दुसऱ्या अहवालाशी तुलना करताना घड्याळ कसे धरले आहे ते पाहावे. फाट बारा ते दोनच्या दरम्यान, पायथ्याशी.

५ डिसेंबरला डॉक्टरांनी अहवाल न वाचता आधी स्वतः मापले. त्यांचे बारा वाजताचे माप ९.३ आले. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मी अस्वस्थ झाले, आमच्याकडे तर पाच पैशांचा फरकही ताळेबंद अडवून ठेवतो. त्यांनी सांगितले की तो फरक म्हणजे एक ठिपका आहे आणि दोन माणसांनी मापले की एवढा पडतोच. त्या जागी त्यांना साधारणपणे सहा ते आठ मिलिमीटर दिसतात, आणि ९.३ असो की ९.८, कडा मोठी झाली आहे हे दोन्हींतून एकच निघते. दुखणे नसलेल्या अनेक लोकांच्या एमआरआयमध्येही लेब्रम फाटलेले दिसते, त्यामुळे केवळ फाट पाहून शस्त्रक्रिया करायची नसते, असेही ते म्हणाले. माझ्या बाबतीत उथळ वाटी, मोठी कडा आणि बधिर केल्यावर गेलेले दुखणे या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या : सांध्याला आधार कमी पडतो आहे. तेव्हा आधी बारा आठवडे व्यायाम करून कुल्ह्याचे स्नायू बळकट करायचे, मांडी, उकिडवे बसणे आणि खोल सोफा टाळायचा, आणि बद्धकोनासन कायमचे बंद. ज्या सांध्याला मी आखडलेला समजून ताणत होते, तो मुळात सैल होता.

एकूण खर्च असा झाला : तपासणी ५००, एक्स-रे ८००, पहिला एमआरआय ६,०००, क्रिएटिनिन २५०, आर्थ्रोग्राम १२,५००, फेरतपासणी दोनदा मिळून ६००, म्हणजे २०,६५० रुपये. आमच्या गटविम्याने यातले काही दिले नाही, कारण मी रुग्णालयात दाखल झाले नव्हते. दाखल होऊन शस्त्रक्रिया झाली तर त्याआधीच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मागता येतो, हे पॉलिसीत वाचल्यावर मी सगळ्या मूळ पावत्या, चिठ्ठ्या आणि अहवाल एका फाइलमध्ये लावले. सीडीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे, कारण काही केंद्रे ठरावीक मुदतीनंतर चित्रे काढून टाकतात, मग सीडीवर ओरखडा पडला तर ती पुन्हा मिळत नाहीत.

बारा आठवडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाले. स्कूटीवर पाय टाकताना आता कळ येत नाही, 'कट्' मात्र अजून होते. व्यायामाने लेब्रमचे माप कमी होणार नसल्याने डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितलेला नाही, पुढची तारीख जूनची आहे. गुढीपाडव्याच्या पुरणपोळ्या मी ओट्याशी उभी राहून लाटल्या. यंदाच्या मोदकांसाठी सासूबाईंनी मार्केटमधून एक उंच स्टूल आधीच आणून ठेवले आहे.